वाकळेचा मधला चौक

अक्का, तुझी वाकळ पुरी झाली. मधला चौक मी शिवला आणि माझ्या पद्धतीनं शिवला, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणाच्या तोंडून तुला कळायला नको.

तू गेलीस त्याला अजून महिनाही झालेला नाही. सोप्यातला तुझा कोपरा सारवून झाला, अंथरूण गेलं, लुगडी वाटून झाली. भिंतीला तू डोकं टेकायचीस तिथला तेलाचा डाग तेवढा राहिलाय. माझी सुमी शाळेतून आली की अजून दप्तर टाकायला तुझ्या कोपऱ्याकडं जाते आणि मधेच थांबते. थोरले भाऊजी गुळाच्या अडतीवरून येतात, पाय धुतात आणि चहासाठी कुणाला हाक मारावी हे न कळून दारातच उभे राहतात. इतकी वर्षं त्यांनी तुला नावानं हाक मारलीच नाही, नुसतं खाकरायचे आणि तू उठायचीस. आता ते खाकरले की मी जाते. चहा पुढं ठेवते. ते खाली बघून पितात. मला या घराची भीती वाटायला लागली आहे. इतकं गप्प घर मी कधी पाहिलं नव्हतं.

समाचाराला बायका येतात. "जावाजावा असून भनीगत राहिल्या की गं," म्हणतात. मी डोळ्याला पदर लावते, पण आतून चिडते. बहिणींसारख्या कुठल्या? आपण जावांसारख्याच राहिलो. रोज भांडलो. उशीच्या अभ्र्याला नाडी लावायची की नाही, पिशवीचा बंद आतून शिवायचा की बाहेरून, यावरून भांडलो. हे त्या बायकांना कसं सांगायचं? सांगितलं तर त्यांना वाटेल, मेल्या माणसाची उणी काढते.

आत्याबाईंच्या, म्हणजे आपल्या सासूबाईंच्या, देखत मी तुला 'तुम्ही' म्हणायची. त्या देवळाला गेल्या की 'तू'. 'तुम्ही' म्हणून भांडणाला जोर येत नाही, हे तूच मला पहिल्या वर्षी सांगितलंस. म्हणून इथंही 'तू'च म्हणते.

जयसिंगपूरहून मी या घरात आले ती ट्रंकेत टेप, कात्री आणि शिवणवर्गाचं सर्टिफिकेट घेऊन. कापडाचं कंट्रोल होतं तेव्हा. असेल ते पुरवून वापरायचे दिवस. अजून हळद उतरली नव्हती, तर तू भाऊजींचं विरलेलं धोतर माझ्यापुढं टाकलंस आणि म्हणालीस, "मास्तरीणबाई, ह्याचं काय व्हतंय का बघा." मी मास्तरीण नव्हते, पण शाळा शिकलेली एवढं तुला पुरलं. मी धोतराचा धड भाग निवडला. उशीच्या दुप्पट आणि वर वीतभर जास्त असा कापला, दोन्ही टोकं दुमडून घेतली, जास्तीची वीत आत मुडपली, दोन्ही कडा शिवल्या आणि उलटा केला. बटण नाही, नाडी नाही. उशी आत सरकवली की ती वीतभर झडप तिच्यावर बसते. मला वाटलं, आता तू तोंडभरून बोलशील. तू उशी हातात घेतलीस, तोंड खाली करून दोनदा झटकलीस, आणि उशी जमिनीवर, अभ्रा तुझ्या हातात.

"माणसं झोपंत लोळत्यात गं. सकाळी उशी हिकडं, खोळ तिकडं. नाडी पायजेच."

मी म्हणाले, नाडीची गाठ कानाला टोचते.

"गाठ भाईर ठेवायची. एवढं बी शिकवलं न्हाय व्हय वर्गात?"

तेव्हापासून या घरात निम्म्या उशांना झडप आणि निम्म्यांना नाडी. काल सगळे अभ्रे धुऊन वाळत घातले तेव्हा तुझे आणि माझे सहज वेगळे करता आले. मग तुझ्या अभ्र्यांच्या घड्या करायच्या म्हटलं आणि हातच चालेना. तसेच टोपलीत टाकून ठेवलेत.

तुझा हात साफ नव्हता, अक्का. हे मी पाठीमागं बोलत नाही, तू असतानाही रोज बोलत होते. तुझा धावदोरा कधी सरळ गेला नाही. मापं तू वितीनं घ्यायचीस, आणि रागात असलीस की वीत मोठी व्हायची. फडताळाला केलेला पडदा एकीकडं जमिनीवर लोळायचा आणि दुसरीकडून लोणच्याची बरणी दिसायची. पण तुला जे सुचायचं ते मला जन्मात सुचलं नसतं. आमच्या ह्यांची कचेरीत घालायची विजार गुडघ्यावर फाटली तर मी ठिगळ शोधत बसले. तू तंगड्यांचा गुडघ्यावरचा धड भाग कापून काढलास, एक तोंड शिवलंस, दुसऱ्यात नाडी ओवलीस, आणि तांदळाच्या दोन पिशव्या खुंटीला लावल्यास. "गुडघं फाटल्यात. मांड्या धड हायत की," म्हणालीस. आत्याबाई अजून त्या पिशवीला विजारच म्हणतात. "विजारीतलं तांदूळ काढ गं," असं त्या परवा पाहुण्यांच्या देखत म्हणाल्या आणि एवढ्या दुःखात मला हसू आलं. वळून बघितलं, तर माझ्याकडं बघून हसायला तू नव्हतीस.

आणि ती मुंग्यांची वाकळ. माहेरी मी गोधडी म्हणायची, ते तू मोडून काढलंस. भाऊजी अडतीवरून गुळाच्या रव्यांना, म्हणजे ढेपांना, गुंडाळलेली जुनी फडकी आणायचे. जाडजूड, चिवट कापड. वाकळेच्या पोटात घालायला त्याच्यासारखं काही नाही, असं तुझं मत, आणि ते खरंही होतं. फक्त ती कढत पाण्यात भिजवून, चोळून, पुन्हा भिजवून गूळ पार काढावा लागतो. त्या वर्षी पाऊस उघडेना, फडकी नीट धुतली गेली नाहीत, आणि तू घाई केलीस. मी म्हणाले, चिकट लागतंय. तू म्हणालीस, तुझे हात चिकट आहेत. गारगोटीचे मामा मुक्कामाला आले, त्यांना नवी वाकळ दिली. पहाटे मामा घरामागच्या परड्यात उभे, अंगरखा काढून अंग झाडत होते. "पावण्याला खायला घालत्यात," ते ओरडत होते, "मुंग्यांस्नी पावणा घालत न्हाईत!" तू चुलीमागं तोंडात पदराचा बोळा कोंबून बसलीस. हसून हसून तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला आता डोळे मिटले की तुझं आजारातलंच तोंड दिसतं. ते हसरं तोंड ओढून आणावं लागतं.

आपलं खरं भांडण वाकळ कुठून सुरू करायची याचं. वर्गात शिकवलं होतं की थर पसरले की आधी मधोमध टाके घालायचे आणि तिथून बाहेर यायचं. म्हणजे सैल कापड कडेनं निघून जातं आणि वाकळ सपाट बसते. तू नेसरीकडची, कानडी मुलखाच्या शिवेवरची. तुझी आई, आजी कडेनं सुरू करायच्या. कडेला एक फेरी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत आणखी एक, असं फिरत फिरत मधे यायचं, आणि मधला चौक सगळ्यात शेवटी मिटवायचा. त्यानं सगळं सैल कापड आत ढकललं जातं. तुझ्या प्रत्येक वाकळेला म्हणून मधे पोट. मी म्हणायची, ही चूक आहे. तू म्हणायचीस, "वाकळला प्वाट पायजेच की. तुझी वाकळ म्हंजे नुसतं ताट. माणूस मावायचं कुठं त्यात?" मग मी वर्गातल्या बाईंचं नाव घ्यायची, तू नेसरीचं नाव घ्यायचीस, आणि टाके घालता घालता कानडीत मोजायला लागायचीस, "वंद, यरड, मूर." मूर म्हटलं की सुई बाहेर. माझं बोलणं ऐकायचं नसलं की मोजणं मोठ्यानं.

सुई तू कधी हातातून हातात घेतली नाहीस. हातात दिली की भांडण होतं म्हणून मी ती जमिनीवर ठेवायची आणि तू उचलायचीस. मी म्हणायची, एवढं पाळून काय उपयोग, भांडतोच आहोत की. तू म्हणायचीस, "पाळतोय म्हणून एवढंच हाय. न्हाईतर डोकी फुटली असती."

तुमच्याकडची आणखी एक रीत. थर पसरताना अगदी मधोमध घरच्या माणसाच्या अंगावरचं काहीतरी घालायचं. कुणाचा पटका, कुणाची चोळी. त्याला तू वाकळेचा घास म्हणायचीस. उपाशी वाकळ ऊब देत नाही असं तुझं म्हणणं. मी थट्टा करायची, पण तुझ्या वाकळेत झोपून बघितल्यावर थट्टा कमी केली.

आता बाळाचं लिहिते. लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सुमीच्या आधी मला मुलगा झाला होता. त्याच्यासाठी कुंची तू शिवलीस. हिरवा खण होता, तुझ्या आईनं लग्नात तुझ्या ओटीत घातलेला. तो तू ट्रंकेच्या तळाशी का ठेवला होतास हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तुझी कूस उजवायची सगळे वाट बघत होते, मग बघेनासे झाले. आणि एक दिवस तू तो खण काढून माझ्यासमोर कात्री लावलीस. कुंचीसारखं सोपं शिवण नाही. लांबट तुकडा मधोमध दुमडायचा, डोक्याकडची एक बाजू शिवायची, कडेला लाल पट्टी मारायची, टोकाला गोंडा. तू गोंडा एवढा मोठा केलास की मी म्हणाले, याच्या वजनानं पोर मागं पडेल. "पडू दे. लांबनं दिसला पायजे माझा राजा," म्हणालीस. माझा म्हणालीस, तुझा नाही. मला तेव्हा ते खटकलं नाही.

तो मान धरायला लागला होता. ताप आला आणि तो गेला. आत्याबाई म्हणाल्या, त्याचं सगळं नदीला सोडायचं, घरात सूतसुद्धा ठेवायचं नाही, नाहीतर पुढचं मूल टिकत नाही. मीही म्हणाले, माझ्या डोळ्यांपुढून न्या. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, सगळ्याचं गाठोडं बांधून तू एकटीच पंचगंगेला गेलीस. परत आलीस तेव्हा लुगड्याचा घोळ ओला होता. कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस आपण कशावरूनच भांडलो नाही. तू वाकडा टाका घालायचीस, मी गप्प बसायची. त्याचं नाव घरात पुन्हा निघालं नाही. सुमी झाली तेव्हा तू तिला झबली शिवलीस, टोपडी शिवलीस, कुंची शिवली नाहीस. मीही मागितली नाही.

गेल्या वर्षी तुझ्या पायांना सूज यायला लागली. डॉक्टरांनी मीठ तोडलं, उठायचं नाही म्हणून सांगितलं. मी भावाच्या लग्नाला जयसिंगपूरला गेले आणि परत येऊन बघते तर सोप्यात तू वाकळ मांडलेली. वर तुझं हिरवं इरकली लुगडं, खाली भाऊजींचं धोतर, मधे काय काय थर, आणि कडेची पहिली फेरी घालूनसुद्धा झालेली. "सुमीची हाय," म्हणालीस. "तुझं मधनं-बिधनं चालायचं न्हाय. कडंनं सुरवात झाली." मी कपाळावर हात मारला आणि समोरची कड धरून बसले. दुपारचं काम आवरलं की आपण दोघी दोन बाजूंना. सुजलेले पाय लांब करून तू वाकळ मांडीवर ओढून घ्यायचीस. पांघरल्यासारखीच दिसायची.

एके दुपारी सुरकुती काढायला मी मधोमध हात फिरवला. हाताला एक शिवण लागली. मग दुमडीचा जाडपणा. आणि टोकाला गोल, गच्च गाठ. तो गोंडा मी ओळखला, अक्का. डोळे बांधून कुणी हातात दिला असता तरी ओळखला असता.

"मधे जाड लागतंय," मी म्हणाले.

तू मान वर केली नाहीस. "लागू दे. मधला चौक माझा मी शिवीन. तू तुझी कड बघ." आणि मोजायला लागलीस, "वंद, यरड, मूर," एवढ्या मोठ्यानं की माजघरातून आत्याबाईंनी विचारलं, काय झालं.

मी माझी कड बघितली. तेव्हा विचारलं नाही, आता विचारते. त्या दिवशी नदीवर काय झालं? गाठोडं सोडवून तू तेवढी कुंची काढून घेतलीस, की पाण्यात सोडलेली परत ओढलीस? घोळ ओला होता म्हणून विचारते. इतकी वर्षं ती ठेवलीस कुठं? या घरातला एकही कोपरा मी झाडला नाही असा नाही. आणि मला का सांगितलं नाहीस? मी ओरडले असते, रडले असते, पण एकदा तोंडाला लावून बघितली असती. मला तुझा राग येतो. मग वाटतं, ती कुंची माझ्या एकटीची कुठं होती? ज्या पोरासाठी तो खण होता ते तुला झालंच नाही, आणि ज्याला दिलास तोही राहिला नाही. दोन पोरांचं एकच वस्त्र तुझ्याकडं होतं. ते नदीत सोडणं तुला जमलं नाही. हे मला तू गेल्यावर कळलं. जिवंतपणी कळलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक चहा करून दिला असता.

त्या शेवटच्या सकाळी तुला दम लागत होता. तरी म्हणालीस, चौक जवळ आलाय, सुई ओवून दे. मी ओवली आणि सवयीनं जमिनीवर ठेवली. तुला वाकता येईना. बोटं पोचेनात. मग मी ती उचलून तुझ्या हातात दिली. तू माझ्याकडं बघितलंस आणि हसलीस. "दिलीस न्हवं हातात? आता भांडाण व्हतंय बघ." मी म्हणाले, होऊ दे, मी काय भिते काय. आणि चुलीकडं गेले. थोड्या वेळानं मोजणं ऐकू येईना. मला वाटलं, डोळा लागला. तू भिंतीला डोकं टेकून बसली होतीस, वाकळ मांडीवर, सुई कापडात तशीच टोचलेली.

तुझं अंथरूण नदीवर न्यायला काढलं तेव्हा गादी, उशी, चादर यांच्याबरोबर कुणीतरी वाकळही गुंडाळली. मी ती धरून ठेवली. सोप्यात पुरुष बसलेले, शेजारच्या बायका उभ्या. मी म्हणाले, हे अंथरूण नाही, शिवण आहे. सुमीची आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "तिच्या अंगावर व्हती न्हवं? अंगावर घेतलं ते आंथरूण. गेलेल्या माणसाचं आंथरूण घरात ऱ्हात न्हाय."

"शिवताना मांडीवर घ्यावीच लागते," मी म्हणाले.

"तवा पुरी का न्हाय केलीसा? अर्धी ऱ्हायलेली वस्तू गेलेल्याचीच असती."

सुतकात सुई धरता येत नाही, आणि सुतक फिटेपर्यंत अंथरूण घरात ठेवता येत नाही. म्हणजे मला ती पुरी करताही येईना आणि ठेवताही येईना. मी भाऊजींकडं बघितलं. त्यांना काय सांगणार? घरातल्या कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. आत्याबाईंनीच ज्याला नदी दाखवली होती ते त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोप्यात, वाकळेच्या पोटात होतं. मी नुसती वाकळ छातीशी धरून उभी राहिले. आमचे हे हळूच म्हणाले, सोड आता, लोक बघतायत. अक्का, मी सोडली नाही. त्या नदीला माझं एकदा देऊन झालं होतं.

आत्याबाईंनी हात पुढं केला. "आण हिकडं. बघू दे."

त्यांना आता दिसत नाही, तुला माहीतच आहे. त्या हातानं बघतात. वाकळ मांडीवर पसरून त्या कडेनं हात फिरवत आल्या. तुझ्या वाकड्या फेऱ्यांवरून आत, आणखी आत. मधे आल्या आणि हात थांबला. शिवण लागली असेल, दुमड लागली असेल, मग तो गोंडा. त्यांचा अंगठा त्या गोंड्यावर होता. मला वाटलं, संपलं आता.

"गुळाचं फडकं गोळा झालंय मधी," त्या म्हणाल्या. "थोरलीला कवा धड थर घालाय आलंय?" मग सुई चाचपून कापडात नीट खोचली, वाकळेची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ही शिवण हाय. आंथरूण न्हवं. सुतक फिटलं की पुरी कर."

गादी गेली, उशी गेली. उशीला तुझ्या नाडीचा अभ्रा होता, तोही गेला.

सुतक फिटल्यावर पहिल्याच दिवशी मी वाकळ घेऊन तुझ्या कोपऱ्यात बसले. एका बाजूनं तुझ्या फेऱ्या उसवल्या असत्या तर आत हात घालून कुंची बघता आली असती. उसवण्यासाठी कात्रीही घेतली होती. तुझे टाके बघितले, एक लांब, एक आखूड, मधेच एक तिरका, आणि कात्री ठेवून दिली. मग मधोमध पहिला टाका घातला, माझ्या रीतीनं. गोंड्यातून सुई नेली नाही, त्याच्याभोवती फिरवली. तिथून एकेक फेरी बाहेर येत गेले, तू थांबलीस तिकडं. आत्याबाई शेजारी येऊन बसायच्या. एकदा नुसतं, "दोरा लांब घेऊ नगंस, गुतंल," म्हणाल्या. मी मनात मोजत होते, आणि बघते तर कानडीत मोजत होते.

माझी शेवटची फेरी तुझ्या शेवटच्या फेरीला भिडली तेव्हा व्हायचं तेच झालं. तू सैल कापड आत ढकलत आणलेलं, मी बाहेर ढकलत आणलेलं. दोन्ही मधे अडकलं आणि चारी बाजूंनी बोटभर सुरकुती उभी राहिली. वर्गात असं झालं असतं तर बाईंनी सगळं उसवायला लावलं असतं. मी पाणी शिंपडून तांब्यात निखारे घालून दाबली, वर पाट ठेवला. पाट काढला की पुन्हा उभी. आत्याबाईंनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे."

तुझी सुई तोवर तिथंच होती, मी ओवून दिलेल्या दोऱ्यासकट. शेवटचा कोपरा त्याच दोऱ्यानं शिवायचा असं मी ठरवलं होतं. तो थोडा कमी पडला. अगदी शेवटचे टाके माझ्या दोऱ्याचे आहेत आणि रंग जुळत नाही. तुला दिसलं असतं तर तू बोलली असतीस.

आज शाळेला सुट्टी म्हणून सुमी दुपारी वाकळेवर लोळत होती. तुझ्याजवळ झोपायची तशी, कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. तिच्या टाचेला ती सुरकुती लागली. तिनं बोट घालून बघितलं.

"आई, हितं काय हाय? मोठीआईनं चुकवलं का तू?"

मी सांगणार होते, मोठीआईनं. मग सांगणार होते, मी. तोवर ती तशीच झोपून गेली, मधल्या चौकावर गाल ठेवून. तिच्या भावाला ती कधी भेटली नाही, आणि तिचा कान बरोबर त्याच्या गोंड्यावर होता. मला हे तुला दाखवायचं होतं, दुसऱ्या कुणाला नाही. मी तशीच पदरानं तोंड पुसत बसले होते आणि अजून वाटत होतं की चुलीकडून तू येशील, सुरकुतीला हात लावशील आणि म्हणशील, बघ, पायजे व्हतं न्हवं प्वाट?

मी उत्तर काढून ठेवलंय. त्या दिवशी सुई तू माझ्या हातातून घेतलीस, अक्का. ते भांडण अजून व्हायचं राहिलंय.